हे पॅकेज काढले तर काय काय मोडेल? डेबियनमधील उलट अवलंबित्वाचा शोध

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेबियन १२ (लिनक्सचे एक वितरण) चालणाऱ्या एका सर्व्हरची साफसफाई करायची आहे. एखादे पॅकेज, म्हणजे बसवायच्या सॉफ्टवेअरचा गठ्ठा, काढण्यापूर्वी त्यावर आणखी कोण अवलंबून आहे हे पाहण्यासाठी एप्ट या डेबियनच्या पॅकेज-व्यवस्थापकाची ‘एप्ट-कॅश आरडिपेंड्स’ ही आज्ञा दिली, तर शेकडो नावे येतात. त्यांतील बहुतेक पॅकेजे त्या यंत्रावर नाहीतच, काही नावे दोन-तीनदा येतात, काहींच्या आधी उभी रेघ असते. या यादीवर विश्वास ठेवावा का, आणि ठेवायचा तर किती? (आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाकाव्या लागतील.)

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यामुळेच होतो. ‘माझ्यावर कोण अवलंबून आहे’ असा रकाना डेबियनच्या कोणत्याही पॅकेजात नसतो. पॅकेज तयार करणारा फक्त पुढच्या दिशेने लिहितो: मला हे हवे, याची शिफारस आहे, हे असले तर बरे, याच्याशी माझे पटत नाही. उलट दिशेची माहिती ही इतर हजारो पॅकेजांनी लिहिलेल्या पुढच्या दिशेच्या नोंदी उलटवून मिळवलेली असते. एप्ट हे काम ‘/व्हार/लिब/एप्ट/लिस्ट्स’ मधील भांडारांच्या (पॅकेजे जेथून मिळतात त्या साठ्यांच्या) याद्या आणि ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस’ ही फाइल (पॅकेजे प्रत्यक्ष बसवणाऱ्या डीपीकेजीची नोंदवही) वाचून करतो आणि त्यातून झालेली जुळणी आपल्या कॅशमध्ये ठेवतो. म्हणून उलट अवलंबित्वाचे कोणतेही उत्तर ज्या नोंदी उलटवल्या तेवढ्यापुरतेच खरे असते. ज्याची नोंद नाही, तो त्या उत्तरात येणार नाही. आणि ज्याची नोंद आहे पण जो तुमच्या यंत्रावर नाही, तो मात्र येईल. शेकडो नावांचे कारण हेच आहे: तुम्ही आपल्या सर्व्हरबद्दल विचारले, एप्टने सगळ्या भांडाराबद्दल सांगितले.

यंत्रापुरते उत्तर हवे असेल तर त्याच आज्ञेला ‘--इन्स्टॉल्ड’ हा पर्याय जोडावा. यादी एकदम आटोपशीर होते, परंतु ती अजूनही सरळ नसते, कारण ‘आरडिपेंड्स’ मुळात सर्व प्रकारची नाती एकाच माळेत ओवून दाखवते. जे पॅकेज तुमच्या पॅकेजाशिवाय चालूच शकत नाही तेही, जे केवळ त्याची शिफारस करते तेही, आणि ज्याचे त्याच्याशी वाकडे आहे, म्हणजे ज्याने ‘कॉन्फ्लिक्ट्स’ किंवा ‘ब्रेक्स’ अशी नोंद केली आहे, तेसुद्धा. शत्रूचे नाव नातेवाइकांच्या यादीत छापून यावे, तसाच हा प्रकार आहे. नावे पुन्हा पुन्हा येण्याचेही एक कारण हेच: एकाच पॅकेजाने नव्या आवृत्तीची मागणी आणि जुन्या आवृत्तीशी वैर अशा दोन नोंदी केल्या असतील, तर ते दोनदा दिसते. एकाच पॅकेजाच्या अनेक आवृत्त्या निरनिराळ्या भांडारांत उपलब्ध असतील तरीही तसेच होते. ‘--इम्पॉर्टंट’ हा पर्याय दिला की फक्त ‘डिपेंड्स’ आणि ‘प्री-डिपेंड्स’ ही सक्तीची नाती उरतात. काढून टाकण्याचा निर्णय घ्यायचा असेल तर पहिली नजर या गाळलेल्या यादीवरच टाकावी.

उभ्या रेघेबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो, आणि माझाही बरीच वर्षे होता. रेघ म्हणजे ‘हे किंवा ते’ अशा पर्यायी मागणीतील एक पर्याय, हे बरोबर आहे. मात्र एप्ट ही रेघ पर्यायांच्या ओळीतील शेवटच्या नावाला लावत नाही, कारण ‘यापुढे आणखी एक पर्याय आहे’ एवढेच ती सांगत असते. समजा, एखाद्या पॅकेजाची मागणी ‘डीफॉल्ट-एमटीए किंवा मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट’ अशी आहे (दोन्ही नावे ईमेल पोहोचवणाऱ्या सेवेची). डीफॉल्ट-एमटीएची उलट यादी काढली तर त्या पॅकेजापुढे रेघ दिसेल. मेल-ट्रान्सपोर्ट-एजंटची काढली तर दिसणार नाही. रेघ असेल तर पर्याय नक्की आहे. रेघ नसेल तर पर्याय नाहीच असे म्हणता येत नाही. शंका असेल तेथे ‘एप्ट-कॅश शो’ने त्या पॅकेजाची मूळ ‘डिपेंड्स’ ओळच वाचावी.

आता सक्तीच्या आणि सौम्य नात्यांतला फरक. ‘काढले तर काय मोडेल’ या प्रश्नाला फक्त सक्तीची नाती पुरतात. पण अनेकदा खरा प्रश्न वेगळाच असतो: ‘हे पॅकेज मी कधी बसवल्याचे आठवत नाही, कोणी थेट मागतही नाही, तरी ऑटोरिमूव्ह (कोणाला न लागणारी पॅकेजे काढणारी एप्टची आज्ञा) त्याला हात का लावत नाही?’ त्याचे उत्तर सौम्य नात्यांत असते. डेबियन ५ पासून एप्ट शिफारस केलेली पॅकेजे आपोआप बसवतो, हे बहुतेकांना ठाऊक असते; ऑटोरिमूव्हच्या वेळी मात्र मूळ मांडणीनुसार शिफारसच काय, नुसती सूचना म्हणजे ‘सजेस्ट्स’ ही नोंदसुद्धा पॅकेज राखून ठेवायला पुरेशी असते, हे फार थोड्यांना माहीत असते. म्हणजे बसवताना जी नोंद दुर्लक्षित राहते, तीच काढताना आडवी येते. तेव्हा मोडतोडीच्या प्रश्नासाठी गाळलेली यादी आणि ‘हे अजून येथे का आहे’ या प्रश्नासाठी न गाळलेली यादी, असा भेद मनाशी ठेवावा.

या दुसऱ्या प्रश्नासाठी ॲप्टिट्यूड या पॅकेजे हाताळणाऱ्या दुसऱ्या साधनाची ‘ॲप्टिट्यूड व्हाय’ ही आज्ञा मला सर्वांत उपयोगी वाटते. ती तुम्ही स्वतः बसवलेल्या एखाद्या पॅकेजापासून सुरुवात करून विचारलेल्या पॅकेजापर्यंतची साखळी दाखवते, आणि प्रत्येक कडी सक्तीची, शिफारशीची की सूचनेची तेही सांगते. साखळी एकच दाखवली जाते, सगळ्या नव्हे. जास्त हव्या असतील तर ‘-व्ही’ हा पर्याय द्यावा लागतो. ॲप्टिट्यूडच्या शोधभाषेत एक खड्डा आहे, तोही सांगून ठेवतो. ‘~डी’ आणि ‘~आर’ अशी दोन चिन्हे आहेत (दोन्ही मोठ्या लिपीतली), आणि ‘आर’ म्हणजे ‘रिव्हर्स’ असल्यामुळे उलट यादीसाठी सगळे तेच वापरतात. प्रत्यक्षात ‘~आर’ त्या पॅकेजाला स्वतःला जी पॅकेजे लागतात ती शोधते. त्या पॅकेजावर अवलंबून असणारी शोधायला ‘~डी’च लागते. ‘अशी पॅकेजे शोध, ज्यांची मागणी अमुक आहे’ असे वाक्य मनात म्हणून ‘~डी’ टाइप केले की चूक होत नाही.

एवढे वाचून कंटाळा आला असेल तर त्याहून थेट मार्ग म्हणजे काढण्याची रंगीत तालीम. ‘एप्ट-गेट -एस रिमूव्ह’ आणि पुढे पॅकेजाचे नाव, एवढे दिले की प्रत्यक्षात काहीही न हलवता एप्ट काय करील ते ओळीओळीने छापतो, आणि जाणाऱ्या प्रत्येक पॅकेजाची ओळ ‘रिमव्ह’ने सुरू होते. ही तालीम अप्रत्यक्ष परिणामही मोजते आणि पर्यायी मागण्याही, म्हणून ती नुसत्या यादीपेक्षा विश्वसनीय आहे. तरी तिच्यातील ‘इन्स्ट’ने सुरू होणाऱ्या ओळी वगळून वाचू नका. पीएचपी या वेब-भाषेचे मुख्य पॅकेज अपाचे या वेब-सर्व्हरचे मॉड्यूल, एफपीएम किंवा सीजीआय (पीएचपी चालवण्याच्या तीन पद्धती) यांपैकी एक मागते; अपाचेचे मॉड्यूल काढायला सांगितले तर एप्ट पीएचपी काढण्याऐवजी एफपीएम बसवायला निघतो. साफसफाईला बसलेला माणूस शेवटी एक नवी सेवा चालू करून उठतो. डेस्कटॉपवर याच्या उलट घाबरवणारा प्रकार दिसतो: देवनागरीचा लोहित फॉन्ट काढायला गेले तर ‘फॉन्ट्स-देवा’ आणि त्यामागून ‘फॉन्ट्स-इंडिक’ हीदेखील जाणार असे एप्ट सांगतो. ही दोन्ही केवळ मोट बांधणारी पॅकेजे आहेत, त्यांच्या जाण्याने त्या क्षणी काहीच बिघडत नाही. पण मोट सुटल्यावर उरलेले भारतीय लिप्यांचे फॉन्ट कोणीच न मागितलेले ठरू शकतात आणि पुढच्या ऑटोरिमूव्हमध्ये वाहून जाऊ शकतात. ठेवायचे असतील ते फॉन्ट ‘एप्ट-मार्क मॅन्युअल’ने आधीच बांधून ठेवावेत.

नावांचा प्रश्न याहून अधिक फसवा आहे. मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट हे खरे पॅकेज नव्हे, ती एक भूमिका आहे. पोस्टफिक्स आणि एक्झिम हे मेल-सर्व्हर ‘आम्ही ही भूमिका पुरवतो’ असे ‘प्रोव्हाइड्स’ या रकान्यात लिहितात. एखादे पॅकेज भूमिकेचे नाव घेऊन मागणी करत असेल, तर पोस्टफिक्सच्या उलट यादीत ते सापडणार नाही. म्हणून आपले पॅकेज कोणकोणत्या भूमिका पुरवते ते ‘एप्ट-कॅश शो’मध्ये पाहून त्या प्रत्येक नावाची यादी वेगळी काढावी लागते. उलटपक्षी एखादी भूमिका कोण कोण पुरवते, ते ‘एप्ट-कॅश शोपीकेजी’च्या अखेरच्या भागात मिळते. डेबियन १२ वरून १३ वर जाताना हाच मुद्दा तुमच्यासमोर दुसऱ्या रूपात येईल. २०३८ सालची वेळमोजणीची अडचण टाळण्यासाठी ३२ बिटच्या यंत्रांवरील वेळेचा प्रकार ६४ बिटचा केला गेला, आणि त्या बदलात अनेक लायब्ररींची (अनेक प्रोग्रॅम सामायिक वापरतात त्या कोडच्या फाइलींची) नावे बदलून त्यांना ‘टी६४’ हे शेपूट लागले. लिबएसएसएल३ हे आता लिबएसएसएल३टी६४ झाले आहे. नेहमीच्या ६४ बिटच्या यंत्रांवर नवे पॅकेज जुने नावही पुरवते, त्यामुळे बाहेरच्या विक्रेत्याचे जुने पॅकेज चालत राहते. पण त्याची मागणी जुन्या नावाने असल्यामुळे नव्या नावाच्या उलट यादीत ते दिसत नाही. दोन्ही नावे विचारल्याशिवाय अशा यंत्रावर लायब्ररीला हात लावू नये.

थेट आणि अप्रत्यक्ष अवलंबित्वातील अंतर किती महाग पडू शकते, याचे अलीकडचे उदाहरण म्हणजे एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाचे प्रकरण. २९ मार्च २०२४ रोजी सॉफ्टवेअर-अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत हेतुपुरस्सर चोरवाट घातल्याचे उघड केले. डेबियनची स्थिर आवृत्ती यातून वाचली. चाचणीच्या आणि अस्थिर शाखांत मात्र चोरवाट पोहोचली होती. चोरवाटेचा रोख एसएसएच सर्व्हरवर, म्हणजे दुरून यंत्रात प्रवेश देणाऱ्या सेवेवर, होता. आता तुमच्याच सर्व्हरवर लिबएलझेडएमए५ या एक्सझेडच्या लायब्ररीची स्थापित व सक्तीची उलट यादी काढून पाहा. डीपीकेजी दिसेल, एक्सझेड-युटिल्स दिसेल, लिबसिस्टमडी० दिसेल. ओपनएसएसएच-सर्व्हर, म्हणजे तो एसएसएच सर्व्हर, दिसणार नाही. ओपनएसएसएचच्या मूळ प्रकल्पाला ही लायब्ररी लागतच नाही. डेबियनसह काही वितरणांनी ‘सेवा सुरू झाली’ हे सिस्टमडीला (सेवा चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमला) कळवता यावे म्हणून त्यात एक दुरुस्ती घातली होती, तिच्यामुळे लिबसिस्टमडी जोडली गेली, आणि लिबसिस्टमडीला जर्नलच्या नोंदींच्या संक्षेपासाठी लिबएलझेडएमए लागत होती. दोन पायऱ्या दूर असलेला हा संबंध थेट यादीत कसा येणार?

‘--रिकर्स’ हा पर्याय सर्व पायऱ्या चढत जातो, पण मूलभूत लायब्ररीच्या बाबतीत त्याचे उत्तर जवळजवळ ‘सगळी यंत्रणा’ असेच येते. ‘.डेब’ फाइली एक्सझेडने दाबलेल्या असू शकतात म्हणून खुद्द डीपीकेजीलाच लिबएलझेडएमए लागते, आणि डीपीकेजीवर काय अवलंबून नाही? शिवाय पॅकेजाच्या पातळीवरचे नाते आणि चालू प्रक्रियेत लायब्ररी खरोखर चढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुरक्षेच्या प्रश्नात दुसरी महत्त्वाची असते. त्यासाठी ‘एलडीडी’ वापरून एसएसएचडी ही एसएसएच सर्व्हरची फाइल तपासली तर अप्रत्यक्षपणे येणाऱ्या लायब्ररीही दिसतात. ‘ऑब्जडम्प -पी’ फक्त थेट मागितलेल्या दाखवतो. संशयास्पद फाइलवर मात्र ‘ऑब्जडम्प’च वापरावा, कारण ‘एलडीडी’ काही परिस्थितींत ती फाइल चालवू शकतो. लायब्ररी अद्ययावत केल्यानंतर जुनी प्रत स्मृतीत धरून बसलेल्या प्रक्रिया शोधायला ‘नीडरिस्टार्ट’ आहे. या प्रकरणानंतर डेबियनने ओपनएसएसएचची लिबसिस्टमडीशी असलेली ती जोडणी पुढच्या आवृत्त्यांत काढून टाकली. डेबियन १२ मध्ये ती अजून आहे, त्यामुळे वरचा प्रयोग तुम्हाला करून पाहता येईल.

लायब्ररी नव्हे तर तिचे ‘-डेव्ह’ पॅकेज (तिच्या आधारे इतर प्रोग्रॅम बांधायला लागणाऱ्या फाइलींचे) बदलायचे असेल, तर कोणाच्या बांधणीला ते लागते हे स्थापित पॅकेजांच्या नोंदींत नसते, स्रोत-पॅकेजांच्या नोंदींत असते. डेव्हस्क्रिप्ट्स या पॅकेजातील ‘बिल्ड-आरडेप्स’ ते शोधते, फक्त स्रोतांच्या भांडाराच्या ओळी चालू असाव्या लागतात. सर्व्हरच्या साफसफाईत याची गरज सहसा पडत नाही.

आरपीएमच्या (फेडोरा, रेड हॅट यांच्या पॅकेज-पद्धतीच्या) जगातून आलेल्यांसाठी एकच इशारा. तेथे मागणी बहुधा पॅकेजाच्या नावाने नसून क्षमतेच्या नावाने, म्हणजे अमुक आवृत्तीची अमुक सामायिक फाइल अशी असते. त्यामुळे ‘आरपीएम -क्यू --व्हॉटरिक्वायर्स’ला पॅकेजाचे नाव दिले तर ‘कोणालाच लागत नाही’ असे दिलासादायक आणि साफ चुकीचे उत्तर मिळू शकते. ‘डीएनएफ रिपोक्वेरी --इन्स्टॉल्ड --व्हॉटरिक्वायर्स’ पॅकेज पुरवत असलेल्या सर्व क्षमता धरून शोधते, तीच वापरावी. आर्च या लिनक्स वितरणावर ‘पॅकमन -क्यूआय’च्या उत्तरात ‘रिक्वायर्ड बाय’ ही ओळ आयतीच मिळते, आणि ‘पॅकट्री -आर’ उलटे झाड काढून देते. भाषांच्या पॅकेज मॅनेजरांत रस्टच्या कार्गोचे ‘ट्री -आय’ आणि जावास्क्रिप्टच्या एनपीएमचे ‘एक्सप्लेन’ चांगले काम करतात. पायथनच्या पिपपासून सावध राहावे: ‘पिप शो’ ‘रिक्वायर्ड-बाय’ दाखवतो खरा, पण ‘पिप अनइन्स्टॉल’ त्याची पर्वा न करता पॅकेज काढून मोकळा होतो, आणि काय मोडले ते नंतर ‘पिप चेक’ने विचारावे लागते. शिवाय पिपने बसवलेले डीपीकेजीला माहीत नसते.

येथून आपण नोंदींच्या बाहेर पोहोचतो, आणि माझ्या हातून झालेली सर्वांत लाजिरवाणी चूक येथलीच आहे. एका कार्यालयाच्या सर्व्हरवर पायथन३-एलएक्सएमएल हे पॅकेज मला अनाथ वाटले. स्थापित उलट यादी रिकामी होती, तालमीत त्या एकाच पॅकेजाची ओळ होती, म्हणून मी ते काढले. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हिशेबाचे अहवाल तयारच झाले नाहीत. ‘/यूझर/लोकल/बिन’मध्ये कोणीतरी पूर्वी लिहून ठेवलेली एक पायथन स्क्रिप्ट क्रॉन (ठरलेल्या वेळी कामे चालवणारी सेवा) महिन्यातून एकदा चालवत असे, आणि तिला ते पॅकेज लागत होते. एप्टने मला खोटे काहीच सांगितले नव्हते. त्या स्क्रिप्टची नोंदच कोठे नव्हती. ‘/ऑप्ट’मध्ये हाताने टाकलेली सॉफ्टवेअरे, पायथनची आभासी वातावरणे, चालता चालता लायब्ररी उघडणारे प्रोग्रॅम, गो किंवा रस्टमध्ये स्थिर जोडणीने बांधलेल्या बायनरी, या सगळ्यांची गत तीच. स्थिर जोडणीच्या बाबतीत तर धोका उलटा असतो: लायब्ररीचे पॅकेज अद्ययावत केले तरी बायनरीच्या पोटातला जुना सदोष भाग तसाच राहतो, आणि ती बायनरी नव्याने बांधावी लागते.

त्यानंतर मी प्रत्येक सर्व्हरवर एक काम करतो, आणि तुम्हीही काही काढण्याआधी तेच करावे असे सुचवेन. क्रॉनच्या आणि सिस्टमडीच्या सर्व स्थानिक कामांतून ‘/यूझर/लोकल’ व ‘/ऑप्ट’मधील स्क्रिप्टांना कोणती पॅकेजे लागतात ते एकदा हाताने काढावे. मग इक्विव्हज या रिकामी पॅकेजे बनवणाऱ्या साधनाच्या ‘इक्विव्हज-कंट्रोल’ने एक नमुना-फाइल तयार करावी, तिच्या ‘डिपेंड्स’ ओळीत ती सर्व नावे लिहावीत, पॅकेजाला कार्यालयाला साजेसे नाव द्यावे, आणि ‘इक्विव्हज-बिल्ड’ने बांधलेली ‘.डेब’ फाइल एप्टने बसवावी. हे पॅकेज आतून रिकामे असते, अर्धा तास पुरतो. आता त्या सर्व्हरवर पायथन३-एलएक्सएमएलची स्थापित उलट यादी काढली की एकच नाव येते: ‘कार्यालय-स्थानिक-स्क्रिप्ट्स’.